मुकादम वाजला नाही

जनरेटरची किल्ली म्हाताऱ्याच्या गळ्यात असायची. काळ्या दोरीत ओवलेली, सदऱ्याच्या आत, छातीच्या पांढऱ्या केसांवर. जनरेटर सुरू झाला, की ती लगेच पुन्हा सदऱ्यात; आंघोळीलाही तो ती काढत नसे. सून म्हणायची, "बाबा, एक दिवस ती गंजून तुम्हाला चिकटणार, मग तुम्हालाच जनरेटरला लावून फिरवावं लागेल." म्हातारा हसायचा आणि किल्ली आत ढकलायचा.

त्या किल्लीवर सगळं घर उभं होतं. शेड चारही बाजूंनी बंद. एका टोकाला पाणी झिरपणाऱ्या जाळ्या, दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे. पंखे हवा ओढायचे, जाळ्यांतून गार वारा आत यायचा आणि त्या वाऱ्यावर हजारो कोंबड्या जगायच्या. पंखे थांबले, की अशा उन्हाळ्यात शेडचा तवा व्हायला वेळ लागत नाही. पिल्लं थोडं तरी सोसतात, पण विक्रीला आलेली जड कोंबडी चोच वासून बसते ती उठत नाही.

म्हणून भिंतीवर एक डबी लावली होती. आत जुनं सिम. शेतीच्या लाइनची वीज गेली, की डबी आपण होऊन सुनेच्या मोबाइलवर फोन करायची. घर टेकाडाच्या अलीकडे, शेड पलीकडे. घराची लाइन वेगळी, शेडची वेगळी. घरात पंखा गरगर फिरत असायचा आणि शेडमध्ये मरण उभं असायचं, पण कळणार कसं? डबी सांगायची. सुनेने तिचं नाव ठेवलं होतं मुकादम. "कारण ओरडायचं असलं तरच फोन करतो. जेवलीस का, असं मेल्याने एकदाही विचारलं नाही."

तिच्या नवऱ्याला सगळे खारू म्हणत. खारीसारखा टॉवरवर चढतो म्हणून. चढायला लागला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. आता जिना चढतानाही गुडघे करकरायचे. महिनोन्‌महिने परमुलखात, कधी तंबूत, कधी टॉवरच्या पायथ्याच्या खोपीत झोपून त्याने हे शेड उभं केलं, ते एकदाचं जमिनीवर राहता यावं म्हणून. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, राबणं यांचं. गेल्या खेपेला मर जास्त झाली होती. पुन्हा तसं झालं तर पिल्लं बंद, असं कंपनीच्या सुपरवायझरने तोंडावर सांगितलं होतं. पिल्लं बंद म्हणजे शेड रिकामं, आणि शेड रिकामं म्हणजे खारू पुन्हा वर. ही खेप नीट गेली पाहिजे, एवढंच त्या घरात सध्या तिघांच्या डोक्यात होतं.

आणि नेमका म्हातारा बिथरला होता.

सुपरवायझर कोंबड्यांची वजनं घेत होता. खारू त्याच्यामागे पाटी धरून उभा. एवढ्यात बाहेर जनरेटर धडधडला. वीज चालू, पंखे चालू आणि जनरेटरही चालू. आठवड्यातली ही कितवी तरी वेळ.

खारू धावत बाहेर आला. म्हातारा जनरेटरपाशी कान लावून उभा होता.

"बाबा, वीज आहे ना! कशाला चालू केलंत?"

"पंख्याचा सूर उतरला होता. वीज जायच्या आधी तसा उतरतो."

"कुठे गेली वीज? दाखवा कुठे गेली!"

"गेली नाही. पण जाणार होती."

मागून सुपरवायझर आला, रुमालाने मान पुसत. "काय हो, तुम्ही बाबांना कामाला ठेवलंय की बाबांनी तुम्हाला?" म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. खारूही हसला. पिल्लं ज्याच्या हातात, त्याच्या विनोदाला हसावं लागतं. पण कानापर्यंत तो तापला होता.

"द्या ती किल्ली."

म्हाताऱ्याने किल्ली सदऱ्याआड दाबली.

"द्या म्हणतो ना. डिझेल काय आभाळातून पडतं? वीज गेली तर मुकादम सांगतो. तुम्ही आता झोपा निवांत."

"मुकादम वीज गेल्यावर बोलतो. आधी नाही बोलत."

खारूने पुढे होऊन त्याच्या गळ्यातली दोरी धरली आणि ओढली. गाठ एका झटक्यात सुटली. म्हाताऱ्याची मान त्या झटक्याने किंचित पुढे आली आणि तशीच राहिली. सुपरवायझर उगाच शेडच्या छपराकडे बघायला लागला.

"यापुढे त्या शेडकडे ढुंकून बघणार नाही," म्हातारा हळू म्हणाला, आणि जाऊन शेडसमोरच्या झाडाखाली शेडकडे पाठ करून बसला.

खारूने दोरीला नवी गाठ मारून किल्ली आपल्याच गळ्यात घातली. घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या खिळ्याला अडकवायची, बायकोला सांगायचं, असं मनाशी ठरवलं.

रात्री जेवताना म्हातारा आला नाही. त्याचं ताट झाडाखाली गेलं. बायको भाकरी मोडता मोडता बोलतच होती. "परक्या माणसासमोर बापाचा गळा धरायचा असतो का? तो सुपरवायझर कोण लागून गेला? उद्या तुमच्या पोराने तुमचं असं केलं तर?"

"तू गप जेव. मला पहाटे टॉवरवर जायचंय."

टॉवर म्हणजे घरामागच्या टेकडीवरचाच. सगळ्या देशात नवं नेटवर्क येत होतं. महिनाभर भिंतीभिंतीवर पोस्टर, हसणाऱ्या पोरी, पळणारी मोटार. जुनं काढून त्याच्या जागी नवं बसवायचं काम टॉवरामागून टॉवर चाललं होतं, आणि फिरत फिरत पाळी घरच्या टॉवरची आली होती. कामावरच्या साहेबाने समजावलं होतं, की जुन्याने अडवलेली जागाच नव्याला हवी आहे. बैलगाडी बाजूला काढल्याशिवाय त्या वाटेवर मोटार धावणार नाही. खारूला हे काम सोयीचं होतं. घरी जेवून चढायचं, घरी येऊन झोपायचं.

"आमचे फोन लागतील ना?" बायकोने विचारलं.

"मधे थोडा वेळ काहीच लागणार नाही. मग लागेल. तुझा माझा दोन्ही नवे आहेत. शेजारी बसल्यासारखं ऐकू येईल."

घरात फोन किती, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं, तर दोघांनीही दोनच सांगितले असते. जुनं सिम बदलून घ्या, असे निरोप कंपनी महिनोन्‌महिने पाठवत होती. मुकादमाच्या नंबरावरही ते आलेच असतील. पण मुकादमाला वाचता कुठे येत होतं?

खारू पहाटे निघाला तेव्हा किल्ली गळ्यातच होती. वर शर्ट आला, शर्टावर पट्ट्यांचं जाड जाकीट आलं, पट्टे करकचून आवळले गेले आणि किल्ली छातीवर दबून गेली.

ऊन चढलं तसं लोखंड तापलं. हातमोज्यांतूनही चटका बसत होता. वरच्या टप्प्यावर खारू आणि त्याचा जोडीदार गप्प्या. हा गप्प्या एक क्षण गप्प बसत नसे, म्हणून गप्प्या. कप्पीवरून दोर खाली गेलेला, खाली दोर धरून माणसं, आणि गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून साहेब.

"जुनं सोड!" खालून साहेबाने हात हलवला.

खारूनेच पाना लावला. जुन्या पेटीची केबल वर्षानुवर्षांच्या धुळीने घट्ट बसली होती. त्याने जोर लावला, कर्र करून ती सुटली. ही पेटीही त्यानेच बसवली होती, केस काळे होते तेव्हा.

"चला, म्हातारी सुटली एकदाची," गप्प्या म्हणाला. "आता सासरी नवी सून."

पेटी दोराला लटकत खाली गेली. त्या क्षणी टेकडीखालच्या सगळ्या फोनवरच्या रेघा गेल्या. साहेबाने आपला फोन बघितला, खिशात टाकला आणि नवी पट्टी वर घ्यायची खूण केली.

नवी पट्टी म्हणजे अँटेनाचं दरवाजाएवढं जड धूड. दोराला घिरट्या घेत ती वर आली. गप्प्याने तिला छातीशी कवटाळली, खारू मागून नट लावायला वाकला. एवढ्यात खाली टॉवरचा जनरेटर आपोआप सुरू झाला.

"गेली वीज," गप्प्या म्हणाला. "मुहूर्त बघ कसा साधला."

टॉवर शेतीच्याच लाइनवर होता. खारूची नजर सवयीने शेडकडे गेली. वरून शेड आगपेटीएवढं दिसायचं. वीज गेली, की थोड्या वेळात जनरेटरच्या नळीतून काळा धूर निघायचा. कितीदा तरी त्याने वरून तो बघितला होता आणि निर्धास्त झाला होता.

धूर नव्हता.

निघेल, त्याने मनाशी म्हटलं. मुकादम वाजला असेल. ती चपला घालत असेल. टेकाड चढत असेल. त्याने टेकाडाच्या पायवाटेवर नजर टाकली. वाट कोरडी, पांढरी, रिकामी. घरामागे वाळत घातलेली लुगडी दिसत होती, आणि कोणीही धावत नव्हतं.

झाडाखालून मात्र एक बारीक आकृती उठली. शेडकडे ढुंकून न बघणारा म्हातारा शेडकडे पळत होता. दारापाशी गेला, जनरेटरपाशी गेला, पुन्हा दारापाशी. हात छातीवर नेला आणि खाली सोडला.

तेव्हा खारूला कळलं. मुकादम ज्याच्यातून बोलायचा ती पेटी खाली गाडीशेजारी मातीत पडली होती. मुकादम ओरडत असणार, गळा फाडून ओरडत असणार, आणि त्याचा गळा खारूने स्वतःच्या हाताने दाबला होता. तो लोखंडाला टेकला आणि छातीवर काहीतरी टोचलं.

किल्ली.

"मी चाललो खाली," तो म्हणाला.

"काय?"

"माझं शेड. पंखे बंद आहेत. किल्ली माझ्याकडे आहे."

गप्प्याचं तोंड पहिल्यांदा बंद झालं. पट्टी त्याच्या छातीवर रेलली होती, दोर अर्धा ढिला. "अरे, दोन नट तरी लाव. सोडून गेलास तर हिच्यासकट मी खाली येईन."

खारूने नट घेतला. घाईत आटा बसेना. नट निसटला, टणटण करत खाली गेला. खालून कोणीतरी शिवी हासडली. दुसरा नट. तो घामाने बुळबुळीत झालेला. त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी तापल्या लोखंडावर नट फिरवला. कातडी चिकटली, सुटली. एक बसला. शेडकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याने बघितलं. म्हातारा शेडच्या लांब भिंतीला लटकल्यासारखा काहीतरी ओढत होता. दुसरा नट बसला. पाना मारला.

"जा," गप्प्या म्हणाला. "मी आहे. जा रे, लवकर जा."

उतरताना जाकिटाचा एक आकडा सोडायचा, खाली अडकवायचा, मग दुसरा सोडायचा. नव्या पोरांना खारू हे शिव्या देऊन शिकवायचा. त्याने दोन्ही आकडे सोडले आणि नुसताच उतरत सुटला. शिडीचे गज तळव्यांवर आपटत होते. एकदा पाय सुटला, तो हातांवर लोंबकळला आणि पुन्हा उतरायला लागला.

"कुठे निघालास?" साहेब आडवा आला. "दुपारच्या आत चालू करायचंय. वरून माझ्या डोक्यावर बसलेत लोक!"

"साहेब, माझ्या घरी फोन लावा. बायकोला सांगा शेडकडे धाव म्हणून."

"कुठून लावू? नेटवर्क तूच आत्ता बंद केलंस ना!"

मग गाडीच्या ड्रायव्हरने काही न विचारता दार उघडलं. खारू आत कोसळला. साहेबाने लॅपटॉप बॉनेटवरून उचलून कुशीत घेतला आणि बाजूला झाला.

शेडजवळ गाडी पोचली तेव्हा आधी वास आला, मग शांतता. पंख्यांचा आवाज नसलेलं शेड खारूने असं कधी ऐकलंच नव्हतं.

भिंतीचे पडदे जाड प्लॅस्टिकचे. सुपरवायझरने सांगितलं म्हणून गार वारा निसटू नये यासाठी ते पत्र्याच्या पट्ट्या ठोकून कायमचे बसवलेले. म्हाताऱ्याने विळ्याने पडदा फाडत आणला होता. विळा जिथे चालला नाही तिथे पट्ट्या हातांनी उपटल्या होत्या. पडद्याच्या चिंध्या लोंबत होत्या, चिंध्यांवर लाल बोटं उमटली होती. तो अजून ओढत होता. खारू आला हे त्याने बघितलंही नाही.

खारूने दोरी डोक्यावरून ओढली. ती जाकिटाच्या पट्ट्यांत अडकली. हासडली, मान कापली तरी सुटेना. शेवटी तो तसाच जनरेटरवर वाकला आणि गळ्यातल्या गळ्यात किल्ली लावून फिरवली. एकदा. पुन्हा. काळा धूर उठला. पंखे कण्हले, हलले, फिरायला लागले.

टेकाडावरून बायको आली. गाडीची धूळ बघून धावली होती, अनवाणी. मोबाइल मुठीत.

"वाजला नाही हो," ती म्हणाली. "सकाळपासून हातातून खाली ठेवला नाही मी. बघा, वाजलाच नाही."

"नाही वाजणार," खारू म्हणाला. "मीच तोडला तो."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. ती आत शिरली, आणि आतून तिचा हुंदका आला.

बापलेकही आत गेले. जिथपर्यंत म्हाताऱ्याचे हात पोचले होते तिथपर्यंत कोंबड्या जिवंत होत्या. चोची वासून, पंख पसरून, पण जिवंत. तिथून पुढे पांढऱ्या गादीसारखी ओळ पडली होती. खारूने एक उचलली. गरम होती, नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी. मान बोटांवरून लुळी पडली. त्याने ती खाली ठेवली आणि का कोण जाणे, तिचे पंख नीट केले.

म्हातारा पाण्याची बादली उचलायला वाकला. बादलीची कडी त्याच्या हातात राहीना. पत्र्याने दोन्ही तळवे उभे चिरले होते. सुनेने आपल्या पदराची पट्टी फाडून बांधली. तो बांधून घेत होता आणि नजर वरच्या पंख्यावर होती.

"सूर बरा आहे आता," तो म्हणाला.

ड्रायव्हर दारात उभा होता. घसा खाकरून म्हणाला, "दादा, तुमचा तो माणूस अजून वर टांगलेला आहे."

आणि खारू परत गेला. काय करणार? गप्प्याला उन्हात लोखंडाशी बांधून ठेवलं होतं. पुन्हा शिडी, पुन्हा आकडे, या वेळी एकेक नीट अडकवत. दोघांनी पट्टी बसवली, केबल जोडली. पाना फिरवता फिरवता खारूला खाली दिसत होतं: बायको पोती ओढत होती, म्हातारा कोपरांनी ढकलत होता, शेडमागे खड्डा हळूहळू रुंद होत होता. आपण शेड बांधलं ते खाली राहायला, आणि घरावर वेळ आली तेव्हा आपण वर, या विचाराने त्याला रडू आलं. वर कोणी बघत नसतं, म्हणून तो रडला. गप्प्या दुसरीकडे बघत शीळ घालत राहिला.

ऊन कलता कलता साहेब खालून ओरडला, "चालू!" खारू उतरला तसा त्याने आपणहून जवळ येऊन विचारलं, "किती गेल्या?"

"बऱ्याच."

"पलीकडच्या डोंगरावर परवापासून काम आहे," साहेब म्हणाला. "लांब आहे. येणार असलास तर..." मग फोन पुढे केला. "घरी लाव. बघू, आवाज कसा येतो."

एका रिंगमध्ये बायकोने उचलला. आवाज खरंच शेजारी बसल्यासारखा होता. मागे पंखे ऐकू येत होते. म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता. तिने नाक ओढलं, तेही.

"सुपरवायझरचा फोन आला होता," ती म्हणाली. "नवं चालू झाल्यावर पहिला त्याचाच. कोणीतरी सांगितलं असेल. उरलेल्या उद्या-परवा उचलून नेणार. पुढची पिल्लं नाही म्हणाला."

खारूने फोन कानाशी आणखी दाबला.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय. सगळं येतंय."

साहेबाने अंगठा वर केला आणि लॅपटॉप मिटला.

घरी जायच्या आधी तो शेडवर गेला. भिंतीवर मुकादमाचा लाल दिवा लुकलुकत होता. वीज गेल्यापासून तो फोन लावतच होता, बिचारा; नवं नेटवर्क त्याचं जुनं सिम ओळखत नव्हतं. खारूने त्याची वायर काढली. दिवा विझला.

म्हातारा झाडाखाली होता, पण आज त्याने तोंड शेडकडे केलं होतं. पट्ट्या बांधलेले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. खारू समोर जाऊन उकिडवा बसला. त्याने जाकिटाचे पट्टे सोडले, दोरी मोकळी केली, किल्ली काढली. तिच्यावर घामाचा डाग धरला होता.

"बाबा."

"तिकडे खिळ्याला ठेव."

"खिळ्याला नको."

म्हाताऱ्याने किल्लीकडे बघितलं. "आता पुन्हा वर चाललास ना?"

"हो. परवा."

"मग इथे कोण आहे?"

"तुम्ही आहात."

म्हाताऱ्याने हात उचलून बघितले. बोटं मिटत नव्हती. मग त्याने मान पुढे केली, काल झटक्याने झाली होती तेवढीच. खारूने दोरी गळ्याभोवती घेतली. मागे मानेवर पांढरे केस घामाने चिकटले होते, ते बाजूला केले. त्याच्याही भाजलेल्या बोटांना दोरी धरवत नव्हती.

"उरलेल्या जाईपर्यंत तरी," म्हातारा म्हणाला. "आणि गाठ नीट मार. काल एका झटक्यात सुटली होती."